युवराजाची जननी : प्रभावतीगुप्तेचे ताम्रपट आणि वारसाभूमी राखणारी नायिका

विदर्भाच्या नायिका म्हटले की रुक्मिणी, दमयंती, इंदुमती, लोपामुद्रा ही नावे सहज ओठांवर येतात. ह्या चौघींत एक साम्य आहे, आणि ते सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. ह्या सर्व विदर्भाच्या कन्या होत आणि त्यांची कथा त्या विदर्भ सोडून जातात तेथे आकारास येते. रुक्मिणी द्वारकेस जाते, दमयंती निषधास, इंदुमती अयोध्येस, लोपामुद्रा अगस्त्याच्या आश्रमात. महदाइसेच्या धवळ्यांपासून नरेंद्राच्या रुक्मिणीस्वयंवरापर्यंत आपल्या आद्य मराठी काव्याने ह्या निघून जाणाऱ्या कन्येचाच सोहळा केला. ह्याच्या उलट दिशेने आलेली, म्हणजे दूरदेशीहून विदर्भात सून म्हणून येऊन येथील भूमी अज्ञान मुलांसाठी राखणारी नायिका मात्र काव्यात नाही. ती आहे ताम्रपटांत. वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हे तिचे नाव. तिच्या ताम्रपटांकडे इतिहासाचे साधन म्हणून भरपूर पाहिले गेले आहे. 'संहिता' म्हणून, म्हणजे शब्दांची निवड, क्रम आणि मौन ह्या अंगाने त्यांचा विचार मराठीच्या अभ्यासकांनी फारसा केलेला नाही. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न करावयाचा आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. पहिल्या प्रवरसेनानंतर वाकाटकांचे राज्य विभागले गेले. एक शाखा आजच्या रामटेकजवळील नंदिवर्धन येथे नांदली. दुसरीची स्थापना सर्वसेनाने केली व तिची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. गुप्तसम्राट दुसरा चंद्रगुप्त ह्याने आपली कन्या प्रभावती नंदिवर्धन शाखेच्या दुसऱ्या रुद्रसेनास दिली. हा विवाह राजकीय होता ह्याविषयी दुमत नाही. पश्चिमेकडील क्षत्रपांवर चालून जाणाऱ्या उत्तरेच्या सत्तेला वाकाटकांचा प्रदेश मित्र म्हणून हवा होता, हे व्हिन्सेंट स्मिथ ह्यांनी १९१४ मध्येच दाखवून दिले होते. इ. स. ४०५ च्या सुमारास, फार थोडे वर्ष राज्य करून, रुद्रसेन वारला. मुले लहान होती. गंगाकाठची ही मुलगी ऐन तारुण्यात, माहेरापासून शेकडो कोसांवर, एका परक्या घराण्याच्या वारशाची राखणदार झाली.

येथून पुढे कादंबरीकाराला मोह होईल. घोडा, तलवार, कारस्थानी मंत्री, रात्रीची पलायने. गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून (१८७१) आपल्या ऐतिहासिक कादंबरीला ह्या सामग्रीची सवय आहे. प्रभावतीच्या बाबतीत ह्यांपैकी एकाही गोष्टीस पुरावा नाही. तिच्या हाती जे शस्त्र दिसते ते 'शासन' हे होय. संस्कृतात ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आज्ञापत्र आणि दंड. आणि तिची मुद्रा नेमका ह्या दोन अर्थांवर खेळ करते.

तिचा पहिला उपलब्ध ताम्रपट पुण्यात मिळाला म्हणून 'पुणे ताम्रपट' ह्या नावाने ओळखला जातो. का. बा. पाठक आणि काशिनाथ दीक्षित ह्यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या पंधराव्या खंडात प्रसिद्ध केला. त्यात दिलेली भूमी मात्र पुण्याकडची नाही. नंदिवर्धनाहून दिलेल्या ह्या शासनाने सुप्रतिष्ठ आहारातील दंगुण नावाचे गाव चनालस्वामी नावाच्या आचार्यास दिले आहे. हा प्रदेश आजच्या हिंगणघाटच्या बाजूचा, असे म. म. वा. वि. मिराशी ह्यांचे मत आहे. वर्ष तेरावे.

ह्या पटाचा आरंभच वाचकाला थांबवतो. वाकाटकांच्या शासनाचा प्रघात असा की, आधी वाकाटकांची वंशावळ येते : अग्निष्टोमादी यज्ञ करणारा पहिला प्रवरसेन, मग पुढचे पुरुष, शेवटी दाता. प्रभावतीच्या पटात पहिल्याने येतात ते गुप्त. घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, अनेक अश्वमेध करणारा समुद्रगुप्त, आणि मग महाराजाधिराज चंद्रगुप्त. त्यांच्यामागून तिची आई कुबेरनागा, नागकुलात जन्मलेली. मग ती स्वतः, दोन्ही कुळांना अलंकारभूत अशी. पती रुद्रसेन येतो तो त्यानंतर, आणि तो केवळ 'महाराज' आहे. बाप महाराजाधिराज, नवरा महाराज. हा फरक लेखकाच्या हातून नकळत झाला असेल असे मानणे कठीण आहे.

आणखी एक तपशील ह्याहून महत्त्वाचा आहे. वाकाटक विष्णुवृद्ध गोत्राचे. विवाहाने स्त्रीचे गोत्र बदलते अशी आपली समजूत, आणि धर्मशास्त्राचाही सामान्य कल तोच. प्रभावती मात्र स्वतःला धारण गोत्राची म्हणवते. हे वाकाटकांचे गोत्र नव्हे. तिचे माहेरचे होय. वैधव्यानंतर तेरा वर्षांनी, पतीच्या राज्यातील भूमी देताना, ती आपले गोत्र माहेरचे सांगते.

ह्या दोन गोष्टींवरून काही इतिहासकारांनी असा निष्कर्ष काढला की, प्रभावतीच्या काळात विदर्भ म्हणजे गुप्तांचे एक मांडलिक राज्य झाले आणि ती पित्याची प्रतिनिधी म्हणून कारभार पाहत होती. पाटलीपुत्राहून अधिकारी पाठविले गेले असावेत असेही लिहिले गेले आहे. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. संहिता नीट वाचली तर दिसते की गुप्तांच्या वंशावळीचा उपयोग तिने आपली पात्रता सांगण्यासाठी केला आहे. भूमीवरील अधिकार तेथून घेतलेला नाही. तो अधिकार पटाला जोडलेल्या मुद्रेत आहे. मुद्रेवरील श्लोकाचा आशय असा : वाकाटकांचे भूषण असलेल्या, वंशक्रमाने राजलक्ष्मी प्राप्त झालेल्या युवराजाच्या जननीचे हे शासन, शत्रूंना शासन करणारे. येथे गुप्तांचा उच्चारही नाही. राजलक्ष्मी क्रमाने आलेली आहे, म्हणजे ती वारशाची आहे. ती मुलाची आहे. आणि आज्ञा आईची आहे. माहेर पटात आहे, सासर मुद्रेत. ज्याच्या बळावर गाव दिले जाते ती मुद्रा होय, हे विसरून चालणार नाही.

मुद्रेत तिचे नाव नाही, हीही नोंद येथेच करून ठेवू. ती 'युवराजाची जननी' आहे, इतकेच.

हा भाग वर्गात शिकविताना एकदा फार चांगले घडले. आमच्या भागातील बहुतेक मुले-मुली शेतकरी घरांतून येतात. पालक-राज्ञी, प्रतिशासक असे ग्रंथांतले शब्द वापरून मी प्रभावतीचे स्थान समजावीत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, अ. पा. क." वर्ग हसला, पण मी थांबलो. बाप गेल्यावर सातबाऱ्यावर अज्ञान वारसांची नावे चढतात तेव्हा त्यांच्यापुढे तलाठी 'अ. पा. क. आई' असे लिहितो : अज्ञान पालनकर्ता आई. जमीन मुलांची, कारभार आईचा, आणि आईचे नाव मुलांच्या नावाला टेकून. पुढच्या तासाला तिने स्वतःच्या घरचा उतारा आणून दाखविला. त्यावर तिचे आणि धाकट्या भावाचे नाव होते व पुढे ही तीन अक्षरे. आईने वडिलांनंतर ती सहा एकर कशी सांभाळली, कर्जाचा फेरफार, बांधाची तक्रार, चुलत्यांनी धुऱ्यावर केलेली भांडणे, हे तिने सांगितले ते येथे लिहिणार नाही. परंतु पुणे ताम्रपटाची मुद्रा त्या दिवसापासून मला वेगळी वाचता येऊ लागली. युवराज दिवाकरसेन, अ. पा. क. आई प्रभावतीगुप्ता. पाचव्या शतकातली संस्था आणि आजची महसुली नोंद एक नव्हेत, हे उघड आहे. पण भाषेने आईला कोठे उभे करावयाचे हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

तेराव्या वर्षीही दिवाकरसेन 'युवराज'च आहे, महाराज नाही. राज्याभिषेकास इतका विलंब का, ह्यावर अभ्यासकांत पुष्कळ तर्क झाले. नंतरच्या कोणत्याही लेखात दिवाकरसेन राजा म्हणून येत नाही. तेव्हा तो अभिषेकापूर्वीच वारला असावा, हा सर्वमान्य तर्क. म्हणजे पतीच्या मागे जिच्यासाठी वारसा राखला तो थोरला मुलगाही गेला. पटांत ह्या दुःखाला शब्द नाही. ताम्रपट हा शोक व्यक्त करण्याचा वाङ्मयप्रकार नव्हे; तेथे माणसाचे जाणे केवळ पुढच्या पटातील अनुपस्थितीने कळते.

तिचा दुसरा पट रिद्धपूर (जि. अमरावती) येथील. य. रा. गुप्ते ह्यांनी तो १९२४ मध्ये प्रकाशात आणला. हा तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन ह्याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षीचा आहे, आणि तो रामगिरिस्वामीच्या पायांपासून, म्हणजे रामटेकच्या देवस्थानाहून दिलेला आहे. येथे प्रभावती स्वतःला वाकाटकांचे महाराज दामोदरसेन-प्रवरसेन ह्यांची जननी म्हणवते. हा समास एका व्यक्तीचा की दोघांचा, ह्यावर अनेक वर्षे वाद झाला. प्रवरसेनाचेच राज्यपूर्व नाव दामोदरसेन, असे काहींनी मानले. भंडारा जिल्ह्यातील मिरेगावचा पट पुढे आला तेव्हा हा वाद जवळजवळ मिटला. कारण त्याच्या मुद्रेत ती दोन पराक्रमी वाकाटक नरेंद्रांची जननी आहे, आणि तेथे द्विवचन स्पष्ट आहे. व्याकरणाचे एक रूप इतिहासाचा एक राजा परत मिळवून देते, हे आमच्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो. व्याकरणाचा तास त्यांना नकोसा असतो म्हणून.

त्याच मिरेगाव मुद्रेत दुसरा बदल आहे आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा. येथे शासन 'श्रीप्रभावतिगुप्ते'चे आहे. पुणे पटाच्या मुद्रेत नुसती जननी होती. येथे जननी आहे आणि नावही आहे. मुले सत्तेवर बसल्यानंतर, पालकत्वाची कायदेशीर गरज संपल्यानंतर, तिचे नाव मुद्रेत उमटते! पालकत्व संपले की पालक मागे सरतो अशी आपली अपेक्षा. येथे उलट घडते. हा योगायोग नव्हे, असे मला वाटते. भूमी दुसऱ्यासाठी राखीत असताना तिने 'युवराजाची जननी' हा मुखवटा धारण केला. राखणदारी यशस्वी झाल्यावर तो उतरविण्याची तिला मोकळीक मिळाली. नगरधन येथील अलीकडच्या उत्खननात, २०१८ मध्ये, मातीची एक लहान लंबवर्तुळाकृती मुद्रा सापडली. तिच्यावर ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचे नाव आहे आणि शंखाचे चिन्ह. मुलाचा, पतीचा, पित्याचा आधार न घेता नुसते तिचे नाव मिळावे ह्यासाठी माती उकरावी लागली.

रिद्धपूर पटातील एका समासाविषयी येथे थोडे विषयांतर करतो, कारण त्यात वाचनाचा धडा आहे. प्रभावतीला तेथे जे विशेषण लावले आहे त्यात शंभराहून अधिक वर्षे आणि पुत्रपौत्र असे दोन्ही घटक आहेत. काहींनी त्यावरून ती शंभरी ओलांडून जगली असे ठरविले. समास सलग वाचला तर वर्षांची संख्या पुत्रपौत्रांशी जोडली जाते. त्यांना दीर्घायुष्य लाभो अशी ती आशीर्वादपर शब्दयोजना आहे, असे घेणे अधिक सरळ. ऐन तारुण्यात विधवा झालेली आणि थोरला मुलगा गमावलेली बाई आपल्या विशेषणांत स्वतःचे वय मिरवील, की मुला-नातवांच्या आयुष्याची मनीषा धरील, हा प्रश्न व्याकरणाबाहेरचा आहे हे मान्य. पण व्याकरणही माझ्याच बाजूने आहे.

आता ज्या भूमीसाठी हे सारे, तिच्याकडे वळू. वाकाटक ताम्रपटांतील दानभूमीची भाषा ही मराठी वाचकाला, निदान वऱ्हाडातल्या वाचकाला, अनोळखी वाटू नये. दिलेल्या गावाला ज्या सवलती मिळतात त्यांची एक लांब यादी असते. त्या गावी सरकारी शिपायांनी शिरू नये. गावाने गाई-बैल पुरवू नयेत. फुले आणि दूध देऊ नये. फिरतीवरच्या अधिकाऱ्यांच्या मुक्कामाला गवत, बसावयास कातडी, शेगडीला कोळसा देऊ नये. मिठासाठी खणती करू देऊ नये. सर्व प्रकारच्या विष्टीपासून, म्हणजे वेठीपासून, ते मुक्त असावे. निधी आणि उपनिधी, म्हणजे भूमीत सापडणारा पुरलेला ठेवा, गाव घेणाऱ्याचा. ही यादी उलटी वाचून पाहावी. म्हणजे जी गावे दान दिलेली नव्हती त्यांना काय काय द्यावे लागत असे, त्याचा तो जिवंत आलेख होतो. दूध, फुले, कोळसा, कातडी, बैल आणि अंगमेहनत. 'वेठ' हा शब्द 'विष्टी'पासूनच आपल्या भाषेत उतरला, आणि त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज वऱ्हाडात अजून पडत नाही.

रिद्धपूर पटातील दान तर अगदी लहान, घरगुती प्रमाणाचे आहे. अश्वत्थनगरातील एक क्षेत्र, आतील राहते घर, आणि शेतकऱ्यांची चार घरे. कर्षकांच्या ह्या चार निवेशनांवर अर्थशास्त्रीय इतिहासकारांनी बरेच लिहिले आहे. भूमीबरोबर ती कसणारी माणसेही दिली जाऊ लागली, ह्याच्या आरंभीच्या खुणांपैकी ही एक मानली जाते. आपल्या नायिकेचे कौतुक करताना हे झाकून ठेवता कामा नये. ज्या राज्ञीने परक्या भूमीत आपल्या मुलांचा वारसा राखला, तिनेच चार घरांतील माणसांचा वारसा, जर त्यांना काही असेल तर, एका ओळीत दुसऱ्याच्या हवाली केला. त्यांची नावे पटात नाहीत.

दानभूमीचे रक्षण शेवटी कोणी करावयाचे? राजा बदलतो, सैन्य बदलते. म्हणून पटाच्या अखेरीस शापाशीर्वाद येतात. व्यासाच्या नावावर चालणारे ते श्लोक सुपरिचित आहेत : भूमी देणारा साठ हजार वर्षे स्वर्गात राहतो, ती हिरावणारा आणि हिरावण्यास अनुमती देणारा तितकीच वर्षे नरकात. प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात, ज्यात एक हजार ब्राह्मणांना आठ हजार भूमीचे गाव दिले आहे, ह्याच्या जोडीला घेणाऱ्यांवरही अटी आहेत. त्यांनी राजद्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार करू नये, दुसऱ्या गावांशी युद्ध करू नये. केल्यास राजाने भूमी परत घेतली तर ती चोरी ठरणार नाही.

ह्या शापाचा पुढचा प्रवास मराठीत येतो, आणि येथे एक खटकणारी गोष्ट दिसते. शिलाहार आणि यादव काळातल्या मराठी कोरीव लेखांत भूमिदानाचे रक्षण 'गद्धेगाळ' करते. डॉ. शं. गो. तुळपुळे ह्यांनी संपादिलेल्या 'प्राचीन मराठी कोरीव लेखां'त (१९६३) अशी उदाहरणे अनेक आहेत. अक्षी येथील सुप्रसिद्ध लेखातही ही शिवी आहे, त्याच्या काळाविषयी वाद असो. दान मोडणाऱ्याच्या आईला गाढवाकरवी विटंबनेची ती शिवी. पुष्कळदा शब्दाबरोबर दगडावर चित्रही. भाषेच्या अभ्यासकांनी तिची व्युत्पत्ती पाहिली, कला-अभ्यासकांनी शिल्प पाहिले. माझ्या मते तिच्यापुढे प्रभावतीचा पट ठेवून पाहिला पाहिजे. पाचव्या शतकात भूमीचे शासन 'जननी'च्या नावे निघते आणि तोच शत्रूला दंड असतो. सहा-सात शतकांनी त्याच भूमीचे शासन मोडणाऱ्याला रोखण्यासाठी 'माय' पुन्हा हजर असते, पण ती अधिकारिणी म्हणून नव्हे. ती शिक्षेची जागा झालेली असते. आई हा शब्द दोन्हीकडे भूमीचे कुंपण आहे. एका ठिकाणी ती कुंपण घालते, दुसऱ्या ठिकाणी तिचेच कुंपण करतात.

मध्यंतरी काय घडले ह्याचे उत्तर एका लेखात देता येणार नाही. मागे मात्र एक परंपरा दिसते. नाणेघाटातील सातवाहन राज्ञी नागनिका आणि नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्री ह्या दोघींच्या लेखांतही विधवा आणि माता ह्या नात्याने बोलणाऱ्या स्त्रिया आहेत. सातवाहन राजे तर आईच्या गोत्रनामाने ओळखले जात : गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. प्रभावतीने 'जननी' हे पद मुद्रेत घातले तेव्हा दक्षिणेत त्याला कान तयार होते, असे म्हणावयास जागा आहे. माहेरचा अभिमान गंगाकाठचा, पण तो व्यक्त करण्याचे रूप गोदाकाठचे.

वत्सगुल्म ह्याच सुमारास कोठे होते? आमच्या वाशीमचा हा भाग मुद्दाम शेवटी ठेवला. येथे १९३९ मध्ये मिळालेला विंध्यशक्तीचा सदतिसाव्या वर्षीचा ताम्रपट वाकाटकांचा सर्वांत जुना पट मानला जातो. त्याची वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात आहे. म्हणजे वंशाचा अभिमान सांगावयाचा तर संस्कृत, आणि भूमी, सीमा, सवलती असा व्यवहार आला की लोकांची भाषा. नांदेडच्या बाजूचे गाव त्यात दिले आहे. मराठीच्या पूर्वजेचा व्यवहारभाषा म्हणून इतका स्पष्ट पुरावा आपल्या अंगणात असावा, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा जाहीर झाला त्या दिवसांत मला भेटलेल्या किती वाशीमकरांना तो ठाऊक होता, हे न विचारलेले बरे.

ह्याच शाखेत, प्रभावती नंदिवर्धनास कारभार पाहत होती त्याच्या मागेपुढेच, एक बालराजा होऊन गेला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वराहदेवाच्या लेखात त्याचा उल्लेख आहे : वयाच्या आठव्या वर्षी गादीवर येऊन त्याने उत्तम राज्य केले. लेख तेथे झिजला आहे, नाव वाचता येत नाही. तो दुसरा सर्वसेन, हे अन्य पुराव्यावरून ठरले. आठ वर्षांच्या मुलाने राज्य केले म्हणजे कोणीतरी त्याच्यासाठी केले. वत्सगुल्मातही एखादी 'युवराजाची जननी' असणारच. कदाचित मंत्र्यांनी कारभार पाहिला असेल. लेख मौन आहे. दोन राजधान्या एकाच घराण्याच्या, अंतर काही दिवसांच्या वाटेचे, प्रसंग जवळजवळ तोच; एकीकडे आईची मुद्रा आहे आणि दुसरीकडे आईचा शब्दही नाही. प्रभावतीच्या पटांचे महत्त्व ह्या मौनाशेजारी ठेवल्याखेरीज कळत नाही. तिच्यामागे महाराजाधिराज पिता नसता तर तिचाही उल्लेख झाला असता की नाही, ही शंका मनात येते, आणि मी ती दडवीत नाही.

वाङ्मयाने वत्सगुल्माला नायिका दिल्या त्या वेगळ्याच. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'तील रूपककथा सर्वांस परिचित आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघतो, त्याला वश करण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते, ती त्याच्यामागून देशोदेशी फिरते, आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्व विवाह होतो. त्याच राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी' ह्या प्राकृत सट्टकात दक्षिणापथातल्या वच्छोम, म्हणजे वत्सगुल्म, नगरात पाहिलेली एक कन्या भैरवानंद योगसामर्थ्याने राजापुढे आणून उभी करतो. एकीची यात्रा वत्सगुल्मात लग्नाने संपते. दुसरीला तेथून उचलून नेऊन लग्नास लावले जाते. दोघींचीही गोष्ट विवाहापाशी थांबते. प्रभावतीची विवाहानंतर, किंबहुना वैधव्यानंतर, सुरू होते. आणि अशा गोष्टीसाठी संस्कृत-प्राकृत नाट्याजवळ सोय नव्हती. तिच्यासाठी तांब्याचा पत्राच योग्य ठरला.

अर्वाचीन मराठीत ह्याला तोड सापडते ती गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्ये. वरसईचा एक गरीब भिक्षुक दूर बुंदेलखंडात जाऊन तेथली मराठी राणी पाहतो. तीही विधवा, तीही अज्ञान मुलासाठी वारसा मागणारी. १८५३ मध्ये दत्तक आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा. मुलाचे नाव दामोदर, हा निव्वळ योगायोग, आणि त्यावर काही रचू नये. झाशीत शासनपत्र नाकारले गेले म्हणून तलवार आली. नंदिवर्धनास शासन चालले म्हणून तलवारीची गोष्टच उरली नाही. साहसकथा पहिलीची होते, दुसरीची होत नाही. ह्यावरून वाङ्मयाची आवड कळते, साहसाचे माप कळत नाही.

प्रभावतीच्या प्रभावाचा एक वाङ्मयीन पुरावा मात्र शिल्लक आहे. तिचा मुलगा प्रवरसेन ताम्रपटांत स्वतःला परममाहेश्वर, म्हणजे शिवभक्त म्हणवतो. त्याच्या नावावरचे 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातील पंधरा आश्वासांचे महाकाव्य मात्र रामकथा सांगते. कालिदासाने ते त्याच्यासाठी रचले अशी दंतकथा अकबरकालीन टीकाकार रामदासाने नोंदविली आहे. ती बाजूला ठेवू. शिवभक्त राजाने रामचरित्र का निवडावे? आई भगवद्भक्त, आणि तिचे शासन रामगिरीच्या देवाच्या पायांपासून निघत होते, हे लक्षात घेतले की दुवा जुळतो. मिराशींनी 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ' ह्या ग्रंथात ह्या काळाचे जे चित्र उभे केले त्यात ह्या दुव्याला स्थान आहे. मी त्यात एवढीच भर घालीन की, 'सेतुबंधा'चा विषय दूरच्या भूमीपर्यंत बांधलेला पूल हा आहे. परकी भूमी ओलांडून आलेल्या आईच्या मुलाने तो निवडला.

पुढे प्रवरसेनाने तेविसाव्या वर्षीच्या तिरोडी ताम्रपटात आईच्या पुण्यासाठी गाव दिले. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातील भग्न शिलालेखातही प्रभावतीच्या स्मरणाशी जोडलेले पुण्यकृत्य अभ्यासकांनी वाचले आहे. ओळी तुटलेल्या आहेत आणि कोण कोणाचे काय, ह्यावर एकमत नाही. तिचा पट जेथे मिळाला त्या रिद्धपुरात पुढे आठ शतकांनी गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळात महदाइसेने रुक्मिणीचे धवळे गाइले. विदर्भातून निघून जाणारी कन्या त्या गावी मराठीत आली, आणि विदर्भात येऊन राहिलेली सून त्याच गावच्या तांब्यावर वाचली जाण्याची वाट पाहत होती.